तीनशे बारा गाड्या आणि एक टायर

वाचकाचं पत्र, थोडक्यात

वय ४२, मूळचे सांगलीचे, गेली नऊ वर्षं फ्रान्समध्ये ल्यों शहरात नोकरी. घरी पत्नी आणि सात वर्षांची मुलगी. सहा वर्षांपूर्वी शेजारच्या व्हिलरबानमध्ये रविवारच्या जुन्या बाजारात त्यांनी ३ युरोला सित्रोएन २सीव्हीचं छोटं मॉडेल घेतलं. आज त्यांच्याकडे जुन्या फ्रेंच गाड्यांची ३१२ मॉडेलं आहेत, बहुतेक १:४३ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्शाची. गेल्या वर्षी साधारण २,८०० युरो यात गेले. त्यातला बराचसा खर्च पत्नीला माहीत नव्हता. पार्सलं घरी न मागवता कोपऱ्यावरच्या दुकानात मागवायची आणि इमारतीच्या तळघरातल्या आपल्या खोलीत नेऊन ठेवायची, असं चाललं होतं. दिवाळीत आकाशकंदील काढायला पत्नी तळघरात गेल्या आणि खोकी सापडली. त्यातली चाळीसेक तर उघडलेलीही नव्हती. पुढच्याच आठवड्यात मुलीने कपाटातली फ्रेंच डिंकी कंपनीची सित्रोएन डीएस १९ काढून बाल्कनीतल्या कुंडीत चालवली. रंगाचे टवके उडाले, मागचा एक टायर हरवला. वाचक तिच्यावर इतके ओरडले की ती आता कपाटाच्या खोलीत पाऊल टाकत नाही. येत्या जूनमध्ये सगळे कायमचे पुण्याला परतणार, आई-वडिलांच्या टू बीएचकेत. पत्नी म्हणतात, सगळं विकून टाक. वडील फोनवर म्हणाले, "या वयात खेळणी?" वाचकांचं म्हणणं असं की ही गुंतवणूक आहे, भाव वाढतील, मुलीच्या शिक्षणाला पैसे होतील; शिवाय संग्रह आता पूर्ण होत आलाय. सोबत त्यांनी सगळ्या मॉडेलांची यादी जोडली आहे. ते विचारतात: विकू की ठेवू? आणि हे व्यसन आहे का?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा संग्राहक म्हणून, कारण मीही याच पंथातला. ठाण्याच्या घरात माझं एक काचेचं कपाट आहे आणि त्याच्या वरच्या तीन फळ्या फ्रेंच गाड्यांच्या आहेत. त्या वाचनात माझा जीव डीएसमध्येच अडकला. रंग कुठला, काचा बसवलेली की आधीची बिनकाचेची, डबा आहे का? दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की ३१२ हा आकडा पत्रात चार वेळा आलाय आणि मुलगी एकदाच आलीय, तीही नुकसान सांगताना. टोमणा मारत नाहीये. पहिल्या वाचनात मलाही ती दिसली नव्हती.

वडिलांचं आधी उरकतो. त्यांना सांगा, खेळणं आणि गाडी यांच्यामधली रेघ फ्रान्समध्ये फार पूर्वीच पुसली गेली, आणि पुसणाऱ्यांत खुद्द आंद्रे सित्रोएन होता. १९२३ पासून त्याच्या कंपनीने आपल्याच गाड्यांच्या खेळण्यातल्या प्रतिकृती विकायला काढल्या. आज ज्याच्या हातात खेळण्यातली सित्रोएन, तो उद्या खरी घेईल, असा सरळ व्यापारी हिशेब. (खऱ्या गाड्यांचा हिशेब मात्र फसला. १९३४ साली त्राक्सियों अव्हाँ ही नवी गाडी बाजारात आली आणि त्याच वर्षाअखेर कंपनी दिवाळ्यात निघून टायरवाल्या मिशेलँच्या ताब्यात गेली.) तुम्ही तर या उद्योगाच्या माहेरघरीच राहता. व्हिलरबानमध्ये १९४६ साली जोझेफ व्हेरोंने नोरेव्ह ही खेळण्यातल्या गाड्यांची कंपनी काढली. आपलं आडनाव उलटं लिहिलं आणि कंपनीला नाव मिळालं. मॅजोरेटही पुढे त्याच व्हेरों घराण्यातून आली. तेव्हा वडिलांचं बोलणं फार मनाला लावून घेऊ नका. पुण्याला गेल्यावर एखादी गाडी त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. त्या पिढीच्या माणसाला धातूचं वजन हातात आलं की बरंच काही आपोआप आठवतं.

गुंतवणुकीवरून मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

पहिली २सीव्ही ३ युरोला मिळाली, हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. ती तीन युरोला का मिळाली असेल? कुणीतरी ती आधी पूर्ण किमतीला घेतली होती, बहुधा भाव वाढतील म्हणूनच. मग तो माणूस गेला, किंवा घर बदललं, आणि एका रविवारी मुलांनी फुटपाथवर चादर अंथरून त्याचं कपाट मांडलं. या बाजाराला तिथे 'व्हीद ग्रनिए' म्हणतात, म्हणजे माळा रिकामा करणं. आपल्या छंदाचा शेवट कुठे होतो हे त्या लोकांनी नावातच सांगून ठेवलंय.

तुमच्या यादीत १९० मॉडेलं मासिकासोबत मिळालेली आहेत. पेपरच्या कियोस्कवर दर पंधरवड्याला एक गाडी आणि एक पुस्तिका, त्यातली. कारागिरी वाईट नसते, किमतीच्या मानाने तर चांगलीच असते. पण ती ढिगाने निघाली आणि घेणाऱ्या प्रत्येकाने प्लास्टिकच्या डबीतून बाहेरसुद्धा न काढता जपली. सगळ्यांनीच जपली तर दुर्मिळ काय उरणार? साठ मॉडेलं नोरेव्ह आणि सोलिदो या फ्रेंच कंपन्यांची, नव्या काळातली. तीही सहज मिळतात. सत्तावीस रेझिनची (धातूऐवजी ओतीव प्लास्टिकची), मर्यादित आवृत्तीची. त्यांचे भाव कधी चढतात, कधी त्याच गाडीची दुसऱ्या रंगातली आवृत्ती आली की बसतात. खरा संग्राहक बाजार आहे तो उरलेल्या पस्तिसांना: एकवीस फ्रेंच डिंकी आणि चौदा जुन्या प्लास्टिकच्या नोरेव्ह. त्यातल्या नोरेव्हबद्दल एक वाईट बातमी आहे, ती पुढे सांगतो.

फ्रेंच डिंकीला भाव आहे, कारण पॅरिसच्या वेशीवर बोबिनीच्या कारखान्यात त्या खेळण्यासाठी बनल्या आणि पोरांनी त्या मनसोक्त खेळून मोडल्या. वाळूत पुरल्या, जिन्यावरून सोडल्या, एकमेकींवर आपटल्या. त्यातून ज्या वाचल्या त्यांना आज किंमत. तुमच्या मुलीने कुंडीत जे केलं ते १९५० च्या दशकातल्या फ्रान्समधल्या लाखभर पोरांनी केलं, म्हणून तर तुमच्या उरलेल्या वीस महाग आहेत. हे तिला समजावून सांगायची गरज नाही. तुम्हाला समजलं तरी पुरे.

डब्यांबद्दलही बोलायला हवं. तुम्ही 'डब्यासकट' हा शब्द बऱ्याच ठिकाणी अधोरेखित केलाय. जुन्या मॉडेलांत डब्यामुळे भाव खूप वाढतो, म्हणूनच नवे छापलेले डबे सर्रास मिळतात. मी एकदा डब्यासकट म्हणून प्यूजो ४०३ घेतली. घरी आल्यावर डबा हुंगून बायकोला म्हटलं, बघ किती छान जपलाय, अजून कोऱ्या पुठ्ठ्याचा वास येतोय. ती म्हणाली, साठ वर्षांच्या पुठ्ठ्याला कोऱ्याचा वास कसा येईल? विषय संपला. शिवाय मधल्या काळात प्रकाशनवाल्या अ‍ॅटलसने जुन्या फ्रेंच डिंकीच्या हुबेहूब नव्या प्रती डब्यासकट चीनमध्ये करून विकल्या. त्या नव्या म्हणून घेतल्या तर उत्तमच आहेत, मुलांच्या हातात द्यायला तर फारच छान. पण हात बदलता बदलता त्या 'जुन्या' होतात. तुमच्या एकवीसपैकी प्रत्येक गाडी उलटी करून तळ बघा आणि जाणकाराला दाखवा. त्याआधी मुलीच्या शिक्षणाचा हिशेब मांडू नका. तिच्या शिक्षणासाठी वेगळे पैसे बाजूला टाका आणि गाड्यांना त्या जबाबदारीतून मोकळं करा. एवढ्याशा चाकांवर तेवढा भार पेलणार नाही.

आता 'पूर्ण होत आलाय'. कसला पूर्ण? यादीत फक्त २सीव्ही चव्वेचाळीस आहेत. ही गाडी १९४८ च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि २७ जुलै १९९० ला पोर्तुगालमधल्या मांग्वाल्दे इथे शेवटची बाहेर पडली. मधल्या चार दशकांत करडी, निळी, हिरवी; मालवाहू; दोन इंजिनांची, चारही चाकं ओढणारी साहारा, जी खऱ्या आयुष्यातच फक्त ६९४ बनली; कुशीवर काळा-मरून अर्धगोल घेऊन आलेली चार्लस्टन; दुरंगी डॉली. त्या प्रत्येकीची पाच-सहा कंपन्यांनी केलेली मॉडेलं, आणि प्रत्येक कंपनीचे दरवर्षी नवे रंग. ज्या दिवशी तुमच्या चव्वेचाळीस झाल्या त्या दिवशी कुणीतरी पंचेचाळिसावीचा साचा बनवत होतं. संग्रह पूर्ण होणार नाही अशीच या धंद्याची बांधणी आहे. आपण त्याला 'आता थोड्याच राहिल्या' म्हणतो ते आपलं समाधान.

पूर्ण करायला निघालेल्या दोन भावांची गोष्ट तुमच्यापासून गाडीने चारेक तासांवर उभी आहे. म्युलूझला गेला नसाल तर जूनच्या आत नक्की जा. हान्स आणि फ्रित्झ श्लुम्फ, अल्सासमधले कापड गिरण्यांचे मालक. फ्रित्झला बुगाटीचं वेड. साठच्या दशकात तो जगभर पत्रं पाठवून बुगाटी विकत घेत होता. अमेरिकेतल्या एका संग्राहकाच्या तीस बुगाटी त्याने एका झटक्यात उचलल्या. सगळ्या गाड्या म्युलूझच्या एका जुन्या गिरणीत, कुलपाआड. आत दुरुस्तीला कारागीर होते, त्यांनाही बाहेर बोलायची बंदी. पॅरिसच्या अलेक्झांडर तिसरा पुलावर आहेत तसे शेकडो दिव्यांचे खांब करवून आत लावले होते, आणि ते बघायला कुणाला बोलावलं मात्र जात नव्हतं. सत्तरच्या दशकात कापडधंदा बसला, कामगारांच्या नोकऱ्यांवर गदा आली, भाऊ स्वित्झर्लंडमध्ये बाझलला निघून गेले. मार्च १९७७ मध्ये कामगार आत घुसले तेव्हा त्यांना कळलं, आपल्याला पगारवाढ देणं मालकांना का परवडत नव्हतं ते. चारशेहून अधिक गाड्या, त्यात शंभरावर बुगाटी. कामगारांनी जागा ताब्यात ठेवली, लोकांना आत सोडून दाखवली. पुढे सरकारने संग्रहाला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला आणि १९८२ मध्ये रीतसर म्युझियम उघडलं. आज तिथे शाळेच्या सहली येतात.

तुमचे २,८०० युरो आणि त्यांच्या गिरण्या यांची बरोबरी करत नाही. तरी तळघर वाचलं आणि मला म्युलूझच आठवलं. ती गिरणी खरोखर चांगली जागा झाली ती कुलूप तुटल्यावर.

म्हणजे आपण लपवाछपवीपाशी आलो. लपवण्याची सित्रोएनला जुनी सवय आहे म्हणा. २सीव्हीचे युद्धापूर्वीचे नमुने जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून दडवले होते, आणि त्यातले तीन ला फेर्ते-व्हिदामच्या एका कोठाराच्या माळ्यावर नव्वदच्या दशकात सापडले. पण तुमच्या घरात जर्मन नाहीत. पत्नींचं 'सगळं विकून टाक' हे वाक्य तुम्ही गाड्यांवरचा हल्ला म्हणून वाचलंत. मला ते वेगळं वाटतं. तळघरात गेलेल्या बाईला खोकी दिसली, त्यावरच्या तारखा दिसल्या, आणि त्या त्या तारखेला नवरा 'दूध आणायला' गेला होता हे आठवलं. गाड्या विकल्या तरी त्या तारखा राहणारच. तेव्हा आधी विक्रीचं बोलू नका.

एक कागद घ्या. स्क्रीन नको, कागदच. दरवर्षी किती गेले ते लिहा, अंदाजाने नाही, बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून. न उघडलेली खोकी किती, कधीची. मग तो कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि 'पण' या शब्दाने सुरू होणारं एकही वाक्य त्या दिवशी बोलू नका. 'पण मी दारू पीत नाही' हे तर अजिबातच नको. आपल्याकडचे छंदिष्ट नवरे हे वाक्य तिसऱ्या मिनिटाला काढतात. पुढचं, म्हणजे वर्षाला किती, कुठल्या खात्यातून, हे त्या कागदावर दोघांच्या अक्षरात येऊ द्या. आकडा शून्य आला तरी पहिलं वर्ष मान्य करा. परतीच्या वर्षात असाही नवा खर्च नकोच. आणि यापुढे पार्सल घरच्या पत्त्यावर.

व्यसनाचं विचारलंत. मी डॉक्टर नाही. मला त्या चाळीस बंद खोक्यांची काळजी वाटते. गाडी हवी असती तर खोकं उघडलं असतं. म्हणजे मजा रात्री अकराला बोली लावण्यात होती, 'तुमची वस्तू पोचली' या मेसेजात होती; त्यानंतर वस्तू नकोशी. हे मलाही माहीत आहे, एका पावसाळ्यात मी एकच रेनो ४ दोनदा मागवली होती, पहिली कपाटात आहे हे विसरून. एक करून पाहा. लिलावाची ती दोन-तीन अ‍ॅप फोनवरून तीन महिन्यांसाठी काढून टाका आणि रोज रात्री एक खोकं उघडा, गाडी हातात घ्या, पुसा, यादीत लिहा. चाळीस रात्री जुनं उघडण्यात मन रमलं तर छंद शाबूत आहे. रमलं नाही, अ‍ॅप परत आली, पुन्हा लपवणं सुरू झालं, कर्ज किंवा झोप यांना हात लागला, तर समुपदेशकाकडे जा, आणि एकटे नाही, दोघं जा. यात लाजण्यासारखं काही नाही.

आता कपाट. पुण्यात किती न्यायचं हा प्रश्न मी भावनेपेक्षा फळीवर सोडवीन. १:४३ मध्ये २सीव्ही साधारण नऊ सेंटीमीटरची, डीएस अकराची. पारदर्शक डबीसकट नाक पुढे करून उभी केली की प्रत्येकीला सात सेंटीमीटर रुंदी लागते. ८० सेंटीमीटरच्या फळीवर अकरा बसतात. ३१२ ला एकोणतीस फळ्या. टू बीएचकेत, आई-वडील, तुम्ही तिघं आणि एकोणतीस फळ्या? सहा फळ्या मागा. एक अरुंद कपाट, सहासष्ट गाड्या. मोठ्या मापाच्या मोहात तर पडूच नका. १:१८ ची डीएस सत्तावीस सेंटीमीटरची असते, दोन ठेवल्या की तिसरीला शेजारणीच्या अंगावर चढावं लागतं.

सहासष्ट कुठल्या? दुर्मिळ कुठल्या आणि महाग कुठल्या ही चाळण लावू नका, त्याने पुन्हा बाजारच निवड करेल. मी सुचवीन: ज्या गाडीला तुम्ही स्वतः कुठेतरी भेटलात, ती ठेवा. व्हिलरबानच्या बाजाराबाहेर उभी असलेली रेनो ४. ज्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने तुम्हाला पहिल्या हिवाळ्यात आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं असेल, त्याची गाडी. माझ्या कपाटात बुगाटी एकही नाही, मी खरी एकदाच पाहिली, तीही काचेआड. पण एक प्यूजो ३०९ आहे, कारण नव्वदच्या दशकात ती आमच्या इथे कल्याण-डोंबिवलीकडे प्रीमियरच्या कारखान्यात बनायची आणि माझ्या मेव्हण्याने घेतली होती. मॉडेल आहे जीटीआयचं, मेव्हण्याची साधी पाच दारांची होती. चालतं. तो घरी आला की आधी तिच्याकडे बघतो.

निवड करायच्या आधी तळघर रिकामं करा, या आठवड्यातच. तुमच्या संग्रहाला पोरीच्या हातापेक्षा त्या ओलीचा धोका जास्त होता. धातूची मॉडेलं झामॅकची, म्हणजे जस्त, अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, तांबं यांच्या मिश्रणाची. जुन्या काळी त्यात शिशाचा अंश राहून जायचा. मग वर्षानुवर्षांनी धातू आतून भेगाळतो, फुगतो आणि एके दिवशी बिस्किटासारखा चुरा होतो. युद्धापूर्वीच्या मॉडेलांत हे सर्रास दिसतं. उपाय नाही, फक्त दमट हवा आणि गरम-थंडाचे झटके टाळले की वेग कमी राहतो. शेजारच्या गाडीला मात्र याची लागण होत नाही, घाबरू नका. मी सांगणार होतो ती वाईट बातमी तुमच्या चौदा जुन्या नोरेव्हची: सत्तरच्या दशकात धातूकडे वळेपर्यंत नोरेव्हचा भर प्लास्टिकवर होता, आणि सुरुवातीचं ते रोडियालाइट नावाचं प्लास्टिक काळाने वाकतं. छप्पर केळ्यासारखं, मधलं पोट वर. गरम पाण्यात घालून सरळ करायचे प्रयोग करू नका, मी करून बसलोय. ज्या अजून सरळ आहेत त्यांना उन्हापासून आणि उबेपासून दूर ठेवा. पुण्याचा एप्रिल त्यांना सोसेलच असं नाही, त्यामुळे या चौदा तिथेच कुणाला तरी देणं बरं.

नव्या मॉडेलांचं दुखणं टायर. मऊ टायरांमधला तेलकट पदार्थ हळूहळू बाहेर येतो आणि खालच्या प्लास्टिकच्या तळाला खातो. चार वर्षांनी गाडी उचलावी तर टायर तळावरच राहतो, च्युइंगमसारखा. टायरखाली अॅल्युमिनियम फॉइलचे बारीक तुकडे ठेवा, किंवा तळाखाली छोटी ठोकळी देऊन चाकं अधांतरी ठेवा. फोमच्या बंद खोक्यांत वर्षानुवर्षं ठेवलेल्या गाड्यांच्या रंगाला फोड येतात, तेव्हा जहाजाने पाठवताना फोम थेट रंगाला लागू देऊ नका. आधी साधा पांढरा टिश्यू, मग बाकीचं. आरसे आणि एरियल असलेल्या रेझिनच्या गाड्या तळाला स्क्रूने घट्ट राहू द्या. प्रत्येक खोक्यात सिलिका जेल. पुण्यात कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर नको आणि बाथरूमच्या भिंतीला लागून तर नकोच. जुलैत सिलिका जेल दर पंधरा दिवसांनी सुकवायला काढा.

विकायचं ते फ्रान्समध्येच विका. गिऱ्हाईक तिथे आहे, भाषा तिथे आहे, आणि डबा कुठल्या सालचा ते ओळखणारे तिथे आहेत. मासिकवाल्या १९० गट करून द्या, एकेक विकत बसलात तर जून येईल आणि जाईल. एक लक्षात ठेवा, सामान्य माणसाला व्हीद ग्रनिएमध्ये वर्षातून दोनदाच विकता येतं, तसा कायदा आहे. दोन रविवार आत्ताच ठरवून टेबल नोंदवा. एकवीस डिंकींसाठी खेळण्यांच्या लिलावाचं घर किंवा जुन्या मॉडेलांचा मेळावा बघा. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास पॅरिसला रेत्रोमोबिल हे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन असतं, तिथेही मॉडेलवाले बसतात. निदान भाव तरी समजतील. आणि पत्नींना बरोबर न्या, पैसे त्यांच्या हातात येऊ द्या. जे बरोबर आणायचं त्याची फोटोसकट यादी करा. कायमचं परतणाऱ्यांच्या घरसामानाला कस्टम्सचे वेगळे नियम असतात, ते आधी वाचा. डबीबंद शेकडो एकसारख्या वस्तू दुकानाचा माल वाटू शकतात, सहासष्ट वापरातल्या वाटत नाहीत.

हेच पत्र महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांनाही थोडं सांगतो, कारण गेल्या वर्षभरात 'फ्रान्सहून मागवू का' अशी विचारणा बरीच आली. मागवण्याआधी ड्यूटी बघा. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. आजचा दर तपासल्याशिवाय बोली लावू नका, आणि टपालखर्च धरून जो आकडा येईल तो घरात मोठ्याने वाचून दाखवा. आवाज बसला तर उत्तर मिळालं. जुन्या डिंकीच हव्या असतील तर कलकत्त्याचं नाव लक्षात ठेवा: ब्रिटिश डिंकीचे जुने साचे तिथे आले होते आणि 'निकी टॉइज' या नावाने गाड्या निघायच्या. फ्रेंच नव्हेत, फिनिश ओबडधोबड, पण आपल्याच देशातल्या माळ्यांवर त्या अजून निघतात.

आता मुलगी.

माफी मागा, आणि गाडीचा उल्लेख न करता मागा. 'ती गाडी फार जुनी होती म्हणून बाबा ओरडला' ही माफी नाही, ती गाडीची बाजू आहे. मग मासिकवाल्यांतल्या वीस तिला निवडू द्या. डबीतून बाहेर काढून, स्क्रू सोडवून, तिच्या ताब्यात. त्या कुंडीत जातील, अंघोळीला जातील, पुण्याला तिच्या सॅकमधून येतील. तिला सांगा, २सीव्ही बनवणाऱ्यांना हुकूम होता की अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या शेतातून गाडी न्यायची आणि अंडं फुटता कामा नये. सांगा की डीएस सुरू केली की बसलेल्या उंटासारखी आधी उठते, मग चालते. पुढच्या वेळी ती कुंडीत गाडी चालवेल तेव्हा ढेकळांवरून अंडी नेत असेल, आणि तुम्ही शेजारी बसून मोजा.

त्या डीएसला रंग लावू नका. जुन्या डिंकीला नवा रंग दिला की उरलासुरला भावही जातो, आणि टवक्यांची तारीख तुम्हाला माहीत आहे, हे बरंच आहे. ही गाडी सहासष्टात ठेवा. टायर कुंडीच्या मातीत सापडला तर उत्तम. नाहीतर या मापाचे नवे रबरी टायर मॉडेलवाल्यांकडे सुटे मिळतात, चिल्लर पैशांत. चारही एकदम घ्या, एकच नवा घातला तर गाडी लंगडी दिसते. टायर कोमट पाण्यात पाचेक मिनिटं ठेवा म्हणजे रबर सैल होतं, मग एका बाजूने रिमवर अडकवून नखाने गोल फिरवत न्यायचा. मोठ्या माणसाची बोटं तिथे जाड पडतात. सात वर्षांची बरोबर बसतात.